नोडवालं एआय शिकावं का? (प्रश्न पैठणीच्या मोराचा आहे)

काठपदर (धागाकर्ती), शनिवार रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझ्या जाऊबाई येवल्याला असतात, घरात दोन माग आहेत. मी नाशिकला. त्यांनी विणायचं आणि मी ऑनलाइन विकायचं, अशी तीन वर्षांपासूनची वाटणी. फोटो माझ्याकडे. जागा म्हणजे आमचा हॉल, आणि काहीही केलं तरी साडीच्या मागे कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल येतोच. म्हणून दिवाळीआधी एका चॅटवाल्या एआय अ‍ॅपला फोटो दिला आणि लिहिलं, "मागे जुन्या वाड्याची ओसरी दाखव, साडीला हात लावू नकोस." असा झकास फोटो आला की मीच हरखले. लगेच टाकला. साडी विकली गेली, पुण्याला पोचली, आणि चौथ्या दिवशी परत आली.

बाईंचं म्हणणं, फोटोत पदरावर बांगडी मोराच्या दोन ओळी आहेत, साडीवर एकच. मी म्हटलं, असं कसं होईल? फोटो मोठा करून बघितला तर खरंच दोन ओळी! आणि मोर तरी कसले, चोच नाही, पिसारा नाही, नुसत्या हिरव्या अळ्या. मुनियाच्या काठावर तर पोपटांची द्राक्षं झालेली.

चूक माझीच. माफी मागितली, जाण्यायेण्याचं कुरिअर भरलं. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. तो एक पदर काढायला त्यांना किती दिवस लागतात ते मला माहीत आहे.

आता भाचा म्हणतो, "मामी, कम्फीयूआय शिक, एआयने चित्रं करायचा प्रोग्रॅम आहे. त्यात ठोकळे जोडायचे असतात, कुठे हात लावायचा नाही ते नीट सांगता येतं." त्याने लॅपटॉपवर टाकून दिलं. उघडलं तर रस्त्यावरचा डीपी उघडल्यासारखं वाटलं. सगळीकडे वायरी. माझं वय ४६, कॉम्प्युटर म्हणजे टॅली आणि एक्सेल. शिकण्यात अर्थ आहे का, की फोटोग्राफर लावू?

साडेमाडेतीन, रात्री १०:५१

पोपटांची द्राक्षं झाली म्हणजे एआयने तुम्ही नाशिककर आहात हे बरोबर ओळखलं.

बटाटेभात, रात्री ११:०५

वर 🙂

ताई, टॉवेल काढून ठेवला तर?

काठपदर, रात्री ११:०९

@बटाटेभात, तुम्ही एकत्र कुटुंबात राहत नाही हे दिसतंय.

वायरमन, रात्री ११:५८

धागा आवडत्या विषयावर आहे, त्यामुळे लांबण लागणार.

मी गोरेगावात कंपोझिटिंग करतो, म्हणजे सिनेमात हिरव्या पडद्यासमोरचा माणूस उचलून डोंगरावर ठेवायचा. नोड, म्हणजे तुमच्या भाच्याचे ठोकळे, हेच आमचं पोटापाण्याचं साधन. न्यूक, हुडिनी, ब्लेंडर या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळीकडे हीच पद्धत आहे आणि ती एआयच्या कितीतरी आधीची. कम्फीयूआय आलं जानेवारी २०२३ मध्ये. ते उघडल्यावर आमच्या फ्लोअरवरचे लोक म्हणाले, अरे, हे तर आपलंच घर.

डीपीला घाबरू नका. सुरुवातीला समोर येतात ते सातच ठोकळे. पहिला मॉडेल, म्हणजे चित्रं काढायला शिकलेली एआयची फाइल, उघडतो. दोन ठोकळ्यांत मजकूर लिहायचा, एकात काय हवं, दुसऱ्यात काय नको. एक ठोकळा कोरा कागद देतो. केसॅम्पलर नावाचा मधला ठोकळा खरं काम करतो: नुसत्या मुंग्यामुंग्यांतून, जुन्या टीव्हीवर चॅनल गेल्यावर दिसायच्या तशा, वीसेक पायऱ्यांत चित्र बाहेर काढतो. सहावा ते आपल्याला दिसेल अशा रूपात उलगडतो आणि सातवा सेव्ह करतो. वायरींना रंग आहेत. गुलाबी गुलाबीतच लागते, निळी निळ्यातच. चुकीच्या भोकात घालायला गेलात तर लागतच नाही, त्यामुळे शॉक बसायची भीती नाही.

आता तुमचा मोर का मेला ते सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. ही मॉडेलं तुमच्या फोटोवर थेट काम करत नाहीत. आधी तो दाबून लहान करतात. एसडीएक्सएल नावाच्या मॉडेलमध्ये १०२४ बाय १०२४ चा फोटो आत १२८ बाय १२८ होतो. म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलच्या एका चौकोनाचा एक ठिपका, आणि त्या ठिपक्याजवळ आठवण म्हणून चार आकडे. त्यावर काम झालं की परत फुगवायचा. आता हिशेब करा. अख्खी साडी १०२४ पिक्सेलमध्ये बसवली तर एक मोर असेल तीसेक पिक्सेलचा. चोच तीन पिक्सेल. ती त्या ठिपक्यात विरघळून गेली. परत येताना मशीन अंदाजाने काहीतरी भरतं, आणि त्याने येवला बघितलेलं नाही.

"साडीला हात लावू नकोस" हे तुम्ही शब्दांत सांगितलंत. शब्दांत सांगून ते थांबत नाही, कारण अख्खं चित्रच त्या नळीतून जातं. नोडमध्ये तुम्ही साडीला त्या नळीत घालायचंच नाही. साडीचा मुखवटा करायचा (मास्क), एआयने फक्त बाकीचं रंगवायचं, आणि सगळ्यात शेवटी मूळ फोटोतली साडी, जशीच्या तशी, वरून चिकटवायची. त्यासाठी वेगळा ठोकळा आहे. हा शेवटचा ठोकळा लोक विसरतात आणि मग माझ्यासारख्यांना रात्री बारा वाजता टंकायला लागतं.

ब्रश_नंबर_दोन, रविवार सकाळी ७:२०

वायरमन, छान समजावलंत. पण शेवटी साडी वरून चिकटवायची हे वाचून हसू आलं. मी कमर्शियल आर्टवाला, आता निवृत्त. साड्यांच्या कॅटलॉगचं काम भरपूर केलंय. आम्ही ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या प्रिंटवर, साडी नेलकटरएवढ्या कात्रीने कापायचो, रबर सोल्यूशनने एअरब्रशच्या पार्श्वभूमीवर चिकटवायचो, कडेचा पांढरा दोन नंबरच्या ब्रशने मारायचो. तुम्ही सांगताय ते तेच आहे. मग त्यासाठी एवढा महागडा कॉम्प्युटर कशाला?

धागाकर्तीला माझा सल्ला: पांढरी चादर, खिडकीचा उजेड, सकाळी नऊच्या आत. संपलं.

अटलांटिकपार, रविवार सकाळी ८:०४

मी थोडा असहमत. नोडचे दिवस गेले असं वाटतं. २०२५ मध्ये फ्लक्स कॉन्टेक्स्ट आलं, मग क्वेनचं एडिट मॉडेल आलं. फोटो द्या, एका वाक्यात सांगा, बाकीचं बरंच जागच्या जागी राहतं. मी न्यू जर्सीत बसून हेच वापरतो. ताईंनी वापरलेलं अ‍ॅप जुनं असेल. शेवयांचा गुंता शिकण्यात महिना घालवायची गरज नाही.

वायरमन, रविवार सकाळी ९:३१

@अटलांटिकपार, "बरंच जागच्या जागी" यातला "बरंच" हाच घोळ आहे. चेहरा, टेबल, कुत्रा यांना बरंच चालतं. पैठणीला चालत नाही, तिथे मोर मोजून घेणारी गिऱ्हाइकं आहेत. फ्लक्समध्ये त्या ठिपक्याला चारऐवजी सोळा आकडे असतात, म्हणून बारकावे जास्त टिकतात हे खरं. पण जातं सगळं त्याच नळीतून. एकच फोटो पाच वेळा एडिट करून बघा, पाचव्या वेळी काठ पुसट झालेला दिसेल. शिवाय ही दोन्ही मॉडेलं कम्फीमध्येच चालवता येतात, तो काही वेगळा पक्ष नाही.

नागपुरी_ठेचा, रविवार सकाळी १०:१५

राजेहो, तुम्ही मॉडेलवर भांडून राहिले, इथं माह्या लॅपटॉपले चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड हाय. एसडीएक्सएलची फाइलच साडेसहा जीबीच्या वर. एक फोटो काढाले लावला, आंघोळ करून आलो, जेवलो, तरी पट्टी अर्ध्यावर. पंखा असा फिरे का लॅपटॉप उडते का काय वाटे. काकूंनी आधी मशीन पाहाव.

काठपदर, रविवार सकाळी १०:२८

काकू?? 😐

भाच्याचा जुना गेमिंगचा कॉम्प्युटर आहे, त्यात १२ जीबीचं कार्ड आहे म्हणतो. चालेल का?

वायरमन, रविवार सकाळी १०:४०

धावेल. @नागपुरी_ठेचा, तुम्ही जुनं स्टेबल डिफ्यूजन १.५ मॉडेल वापरा, ५१२ च्या मापात. आणि सुरू करताना लो-व्हीरॅमचा (कार्डाची मेमरी कमी असली तर वापरायचा) पर्याय द्या. पार्श्वभूमीपुरतं भागेल.

इतिहासाचं_पान, रविवार दुपारी १:१२

अवांतर: विणकाम आणि हे नोड यांचं नातं जुनं आहे. फ्रान्समध्ये जकार्डने १८०४ च्या सुमारास पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्यांनी माग चालवला. कुठलं भोक कुठे, त्यावरून कुठला धागा वर. पुढे संगणकाला काम सांगायला तेच भोकांचे पुठ्ठे वापरले गेले. म्हणजे ताईंच्या जाऊबाई आधीपासूनच प्रोग्रॅमर आहेत.

काठपदर, रविवार दुपारी २:०३

माहिती आवडली, पण जाऊबाईंना वाचून दाखवली तर म्हणाल्या, "आमच्या पदराला कुठलं जकार्ड?" खरंच नाही. काठाला वापरणारे आहेत, पण त्यांच्या मागावर पदरातला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीने हातानेच भरतात. एका रांगेत वीसपंचवीस कांड्या लटकत असतात. नक्षी समोर कागदावर चौकटींत काढलेली असते. आणि हातमागाची खरी पैठणी उलटी केली तरी मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते, धागे लोंबत नाहीत. गिऱ्हाइकं आधी तेच बघतात.

साडेमाडेतीन, रविवार दुपारी २:१०

एआयच्या फोटोची मागची बाजू बघायची सोय कधी येणार?

मळेकर, रविवार दुपारी ४:४५

एक महत्त्वाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. यूट्यूबवर बघून लोक दुसऱ्यांचे वर्कफ्लो, म्हणजे तयार जोडलेले ठोकळे, उतरवतात. ते उघडले की अर्धे ठोकळे लाल होतात, म्हणजे तुमच्याकडे नाहीत. मग मॅनेजरमध्ये (बाहेरचे ठोकळे टाकायची सोय) जाऊन "जे नाही ते सगळं टाक" असं बटण दाबतात. थांबा. प्रत्येक बाहेरचा ठोकळा म्हणजे पायथनचा प्रोग्रॅम, तो तुमच्या मशीनवर तुमच्याच अधिकाराने चालतो. जून २०२४ मध्ये अशाच एका ठोकळ्यात ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारा कोड सापडला होता. ताई त्याच कॉम्प्युटरवर बँक उघडत असतील तर दहादा विचार करा. मॉडेलची फाइलही सेफटेन्सर प्रकारचीच घ्या, जुन्या सीकेपीटीमध्ये कोड लपवता येतो.

काठपदर, रविवार संध्याकाळी ५:३०

बाप रे. भाच्याला दाखवते. टॅली वेगळ्या मशीनवर आहे, देवाची कृपा.

अटलांटिकपार, रविवार संध्याकाळी ७:५०

वायरमनशी भांडून झालं, आता कबुली देतो. गणपतीत इथल्या मंडळाच्या पोस्टरसाठी नऊवारीतली बाई हवी होती. कुठलंही मॉडेल घ्या, एक तर सहावारी नेसवतं नाही तर धोतर. कासोटा म्हणजे काय हे त्याला कळतच नाही. शेवटी बायको, मेव्हणी आणि तिच्या मैत्रिणी यांचे पंचवीस फोटो घेऊन (परवानगीने!) लोरा शिकवला, म्हणजे मोठ्या मॉडेलला लावायची छोटी पुरवणी. कासोटा जमला. नथ मात्र कधी डाव्या नाकपुडीत, कधी उजव्या, एकदा थेट गालावर. आणि पोस्टरवरचं "गणपती बाप्पा मोरया" लिहायला सांगितलं तर जोडाक्षरांचा चिवडा. अक्षरं शेवटी इंकस्केपमध्ये बसवली.

ताई, बायको विचारतेय, साडी नेसलेल्या बाईचा फोटो नको का? नुसती टांगलेली साडी कशी पडते ते कळत नाही.

वायरमन, रविवार रात्री ९:१५

तो मोह टाळा. कपडे "घालून दाखवणारी" मॉडेलं आहेत, पण ती बहुतेक टॉप आणि टी-शर्टच्या फोटोंवर शिकलेली. निऱ्या ती मनाने पाडतात, आणि निरीत काठ वळला की पुन्हा तीच द्राक्षं. नेसवायची असेल तर खऱ्या माणसाला नेसवा आणि मागची भिंत बदला.

ब्रश_नंबर_दोन, रविवार रात्री ९:४०

+१. आणि नसलेल्या बाईच्या अंगावर असलेली साडी दाखवून विकणं मला तरी पटत नाही. आम्हीही पार्श्वभूमी खोटी लावली, पण कापड कधी खोटं केलं नाही.

काठपदर, पुढचा बुधवार रात्री ११:२०

अहवाल देते.

दिवस पहिला: सात ठोकळे चालले. आधीपासून लिहून ठेवलेल्या मजकुरातून जांभळ्या आकाशगंगेची बाटली आली. आम्ही सगळे घरभर नाचलो. सासूबाई म्हणाल्या, "बाटली कशाला?"

दिवस दुसरा: साडीवर मास्क रंगवला, वायरी जोडल्या, वाट बघितली. हॉल जसाच्या तसा, टॉवेलसकट, आणि साडीच्या जागी वाड्याची ओसरी! साडीच्या आकाराची ओसरी, तिला पदरसुद्धा.

साडेमाडेतीन, रात्री ११:२४

टॉवेल अमर आहे.

वायरमन, रात्री ११:३३

😂 मास्क उलटा लागला. जे रंगवाल ते बदलतं, उरलेलं राहतं. मध्ये मास्क उलटा करणारा ठोकळा घाला. आणि साडी हाताने रंगवत बसू नका, मेटाच्या सॅमचा ठोकळा मिळतो, साडीवर एक टिचकी मारली की कड धरून देतो. मग मास्क सहाआठ पिक्सेल आत घ्या आणि कड थोडी मऊ करा, नाहीतर कापून चिकटवल्यासारखं दिसेल. तो वर्कफ्लो मला पाठवा, बघतो.

काठपदर, गुरुवार दुपारी १:०२

भाच्याने म्हटलं की कम्फीतून आलेल्या पीएनजीतच सगळे ठोकळे लपलेले असतात, फोटो ओढून टाकला की वायरी परत येतात. म्हणून तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलाय.

वायरमन, गुरुवार दुपारी १:१०

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि आतलं लिखाण गळून पडतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वायरमन, गुरुवार रात्री १०:४७

मिळाला. व्यवस्थित जोडलंय, खरंच. तीन गोष्टी.

तुमच्या फोनचा फोटो १२ मेगापिक्सेलचा, आणि मॉडेलला झेपतं एक मेगापिक्सेल. तुम्ही अख्खा फोटो बारीक केलात आणि साडीही त्या बारीक फोटोतलीच चिकटवलीत. पार्श्वभूमी लहान मापात करा, नंतर मोठी करा. मागची भिंत जरा धूसर असली तरी कॅमेऱ्यातही ती तशीच येते. साडी मात्र मूळ १२ मेगापिक्सेलमधूनच घ्या.

दुसरं, सावली. साडी जमिनीवर जिथे टेकते तिथली सावली मास्कमधून सुटली, म्हणून ती तरंगतेय. खिडकी डावीकडे आहे ना? मग ओसरीतला उजेडही डावीकडूनच मागा.

तिसरं, आणि हे नीट वाचा. तुमच्याकडे साठ साड्या आहेत. साठ वेळा ओसरी कशाला रंगवायची? एकदा रंगवा, चांगली आली की सेव्ह करा. मग केसॅम्पलरचा सगळा भाग निवडून कंट्रोल-बी दाबा, तो बाजूला पडतो. उरतं काय: साडी उघडा, मास्क, ओसरी उघडा, चिकटवा, सेव्ह. प्रत्येक वेळी फक्त पहिल्या ठोकळ्यातला फोटो बदलायचा. एका साडीला काही सेकंद. @नागपुरी_ठेचा यांच्या लॅपटॉपवरसुद्धा.

ब्रश_नंबर_दोन, शुक्रवार सकाळी ६:५५

म्हणजे शेवटी कात्री आणि रबर सोल्यूशनच ना?

वायरमन, शुक्रवार सकाळी ९:०२

हो काका. पण साठ कात्र्या एकदम.

अटलांटिकपार, शुक्रवार सकाळी ९:३०

हरलो. माझं ते "एका वाक्यात" याच्यापुढे लांबलचक वाटतंय.

नागपुरी_ठेचा, शुक्रवार सकाळी १०:११

माह्या लॅपटॉपचं नाव निघालं, धन्य झालो.

काठपदर, रविवार रात्री ९:१८

झालं! काल रात्री बावीस साड्या एका दमात निघाल्या. मोठ्या करून मोर मोजले, सगळे जागेवर, चोचींसकट. काठातले पोपट पोपटच राहिले. फोटोखाली "पार्श्वभूमी संगणकावर केलेली, साडीचा फोटो खरा" असं लिहिते, आणि पदराच्या उलट्या बाजूचा एक फोटो साधा, हॉलमधलाच टाकते (@साडेमाडेतीन, मागच्या बाजूची सोय आली).

बावीस फोटो जाऊबाईंना पाठवले. त्यांनी साडीकडे बघितलंच नाही. मागच्या ओसरीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "या खांबाला खाली तळखडा नाही. हा उभा कशावर आहे?" मी फोटो मोठा केला. खरंच नाही. खांब फरशीच्या बोटभर वर संपतो.

त्यांच्या गल्लीत एक जुना वाडा आहे. येत्या रविवारी येवल्याला जाऊन त्याच्याच ओसरीचा फोटो काढते, डावीकडून उजेड येईल अशा वेळी. तिथेही दोरी बांधलेली असते म्हणे. सकाळी लवकर गेलं तर कपडे वाळत घातलेले नसतील.